पॉम-पॉम खेकड्यासाठी पुण्यात समुद्र: वर्षभराचा अनुभव

2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर घरी रीफ टँक, म्हणजे प्रवाळं ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, करायचं ठरलं, तेव्हा माझ्या मनात एकच प्राणी होता: पॉम-पॉम खेकडा. शास्त्रीय नाव लिबिया टेसेलाटा. जेमतेम इंचभर आकार. दोन्ही नांग्यांत हा खेकडा एकेक जिवंत समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, धरून फिरतो. कुणी अंगावर आलं की ते पुढे करून हलवतो आणि त्यांच्या डंखाच्या धाकाने समोरचा मागे सरतो. खाणंही त्यांच्याच मदतीने गोळा करतो. हा पाहुणा घरात यायला 2025 चा जानेवारी उजाडला. मधल्या काळात काय करावं लागलं, पैसे कुठे गेले, कुठे नुसतं थांबावं लागलं, ते सगळं लिहून ठेवतेय. मी सुरुवात केली तेव्हा मला मराठीत असं काही सापडलं नव्हतं, आणि इंग्रजीतला बराचसा सल्ला थंड हवेच्या देशांतला होता. तिथे पाणी गरम ठेवायची काळजी, आपल्याकडे एप्रिलमध्ये ते थंड ठेवायची.

पहिलं काम कागदपत्रांचं केलं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये सगळी दगडी प्रवाळं, काळं पोवळं, अग्निप्रवाळ, सी फॅन आणि समुद्रघोडे घातले गेले. त्यामुळे आपल्या समुद्रातला प्रवाळाचा तुकडा उचलून टँकमध्ये टाकणं हा सरळ गुन्हा आहे. परदेशातून आलेली दगडी प्रवाळं साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या यादीत येतात. कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नियम निघाले, त्यानुसार अशा यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. मी ठरवलं की दगडी प्रवाळांच्या वाटेला जायचंच नाही. झोअँथिड आणि मशरूम ही मऊ प्रवाळं ठेवायची. नवशिक्यालाही तीच झेपतात.

तरी मनात शंका होती, म्हणून ठेवायच्या प्रत्येक प्राण्याचं शास्त्रीय नाव एका कागदावर टाइप केलं आणि वनविभागाच्या कार्यालयात गेले. पहिल्या खेपेला संबंधित साहेब दौऱ्यावर होते. पुढच्या आठवड्यात भेटले. त्यांनी अनुसूची उघडून एकेक नाव शांतपणे तपासलं आणि यातलं काही यादीत नाही, नोंदणी लागणार नाही, असं सांगितलं. मी अर्जाची दुसरी प्रत नेली होती, तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. असं कुठे जाणार असाल तर दोन प्रती न्या आणि नावं शास्त्रीयच लिहा. "रंगीत खेकडा" एवढ्यावर कुणीच काही सांगू शकत नाही.

याच सुमारास मालवणच्या नातेवाइकांचा फोन आला. म्हणाले, किनाऱ्यावर खडकांत हवे तेवढे खेकडे आहेत, पाठवून देतो. प्रेमाने म्हणाले, पण मी नको म्हटलं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे. शिवाय भरती-ओहोटीच्या खडकांवरचे बरेच खेकडे हाती लागेल ते खातात. बंद टँकमध्ये मासे आणि प्रवाळं दोन्ही धोक्यात. पॉम-पॉमची गोष्ट वेगळी. त्याच्या नांग्या इतक्या नाजूक असतात की त्यांनी कुणाला चिमटा काढणंही अवघड.

जुलैमध्ये टँक बनवून घेतला. दोन फूट लांब, दीड फूट उंच, 10 मिमी काच, आत पाणी साधारण 100 लिटर, खाली कपाटात सम्प, म्हणजे गाळणीची आणि पंपाची दुसरी टाकी. काचेचं काम 14,000 रुपये, लोखंडी स्टँड 9,000. प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) 11,500, एलईडी दिवा 13,000, सम्पमधलं पाणी वर आणणारा रिटर्न पंप आणि टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर मिळून 6,500. सेकंड हँड टँक निम्म्या किमतीत मिळत होता, पण त्यात आधीच्या मालकाने माशांना तांब्याचं औषध दिलेलं होतं. तांबं दगडात आणि वाळूत मुरतं आणि खेकडे, कोळंबी, गोगलगायी यांच्यासाठी ते विष आहे. जुनं सामान घेताना हा प्रश्न आवर्जून विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दगड-वाळू घेऊ नका.

मग पाणी. आमच्या सोसायटीत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत येतं, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 380 च्या आसपास. रीफ टँकला तो शून्य लागतो, म्हणून 8,500 रुपयांचं आरओडीआय यंत्र बसवलं. घरचा पिण्याचा आरओ पुरत नाही, त्यानंतर उरलेले क्षारही शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा हवाच. या यंत्रातून चांगल्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी वाया जातं. ते आम्ही बादल्यांत धरतो आणि लादी पुसायला, गाडी धुवायला वापरतो. गुरुवारी पाणी बंद असतं हे पुणेकरांना सांगायला नको. बुधवारी रात्रीच कॅन भरून ठेवायचे.

मीठ म्हणजे स्वयंपाकाचं नाही, समुद्रासारखं पाणी बनवायचं रीफ सॉल्ट. 20 किलोची बादली 6,800 रुपयांना. एका लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 100 लिटरला साडेतीन किलो. मीठ आधी वेगळ्या पिंपात पंप लावून रात्रभर विरघळवायचं आणि मग रिफ्रॅक्टोमीटर या खारेपणा मोजायच्या उपकरणावर मोजायचं. विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026 हवं. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न इथेच सांगून टाकते: पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून रोज कमी झालेली पातळी गोड्या आरओडीआय पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने नाही.

हे काम माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, आपणहून घेतलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर धरणांच्या पातळ्या लिहिल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी टँकच्या काचेवर मागच्या बाजूने रेघ मारली, जुनी डायरी काढली आणि सकाळी सात वाजताची पातळी, तापमान, क्षारता (म्हणजे खारेपणा) असे रकाने आखले. त्या डायरीमुळे मला कितीतरी गोष्टी कळल्या. तुमच्या घरी असं कुणी नसेल तर निदान मोबाइलमध्ये तरी रोजची नोंद ठेवा. पाणी बिघडतं ते हळूहळू, आकड्यांतच आधी दिसतं.

ऑगस्टमध्ये टँक भरला. मानवनिर्मित कोरडे दगड, ॲरागोनाइट वाळू, खारं पाणी, आणि त्यात बाटलीतले जिवाणू. अमोनिया थेंबथेंब टाकून 2 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) नेला. आता थांबायचं. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. दोन्ही गट दगडांवर पुरेसे वाढेपर्यंत आत कुठलाही प्राणी टाकायचा नाही. गणपती आले, गेले, घरात आलेला प्रत्येक जण रिकामा टँक बघून "मासे कुठायत?" विचारत होता. नवरात्र तोंडावर आलं तेव्हा कुठे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. टेस्ट किट महाग आहेत, माझे सगळे मिळून 7,000 गेले, पण यात काटकसर करू नका.

त्यानंतरचे काही आठवडे टँक अगदी कुरूप दिसतो. आधी डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर, मग हिरवं शेवाळ. नव्या दगडांवर हे होतंच. सेरिथ गोगलगायी आणल्या, दिव्याचे तास कमी केले, दर रविवारी 10 लिटर पाणी बदललं. दिवाळीनंतर विदूषक माशांची जोडी आली. ती पैदास केंद्रातली घेतली, समुद्रातून पकडलेली नाही. या माशांची पैदास करण्याचं तंत्र आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने पूर्वीच विकसित केलेलं आहे, त्यामुळे दुकानदाराला तशी जोडी मागायला संकोचू नका. पाठोपाठ झोअँथिडचा एक गुच्छ आणि दोन मशरूम. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. असे दगड साफ करायला गरम पाण्यात उकळले तर वाफेतूनही विषबाधा होते.

सिक्सलाइन रास मासा मला फार आवडला होता. घेतला नाही. रास, हॉकफिश, पफर, ट्रिगर हे सगळे लहान कवचधाऱ्यांवर तुटून पडतात, आणि खेकडा कात टाकतो तेव्हा त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. कोण राहणार हे खेकड्याकडे बघूनच ठरवावं लागलं.

जानेवारीत मुंबईच्या विक्रेत्याचा निरोप आला, इंडोनेशियाहून आलेल्या मालात दोन पॉम-पॉम आहेत. मी सुट्टी टाकून गेले. एक आधीच विकला गेला होता. दुसऱ्याचे पाय सगळे जागेवर होते, चाल चपळ होती, पण डावी नांगी रिकामी. ॲनिमोन एकच, उजव्या नांगीत. विक्रेत्याने स्वतःहून सांगितलं आणि 1,800 ऐवजी 1,400 लावले. मी थोडं वाचून गेले होते, म्हणून घेतला. इस्रायलच्या संशोधकांनी लाल समुद्रातल्या याच वंशातल्या खेकड्यांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. एक ॲनिमोन काढून घेतलं तर खेकडा उरलेल्याचे दोन तुकडे करतो आणि दोन्ही तुकड्यांची पूर्ण ॲनिमोन होतात, असं त्यांना दिसलं. समुद्रात पकडलेल्या खेकड्यांच्याही दोन्ही नांग्यांतली ॲनिमोन जनुकांनी एकसारखी निघाली. हे खरंच आपल्या घरी होईल का, याची धाकधूक होती, पण आशाही होती.

बिलावर शास्त्रीय नाव आणि जीएसटी क्रमांक लिहून घेतला. थर्मोकोलच्या डब्यात पिशवी, चारी बाजूंनी वर्तमानपत्र, आणि संध्याकाळची डेक्कन क्वीन. डबा पायाजवळ न ठेवता मांडीवर घेतला. खालच्या थरथरीपेक्षा ते बरं.

घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, तापमान जुळायला. मग पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजली: 1.021. बरीच दुकानं मीठ वाचवायला किंवा माशांवरचे परजीवी आटोक्यात ठेवायला कमी क्षारता ठेवतात. माझ्या टँकमध्ये 1.025. हा फरक माशाला एक वेळ चालतो, खेकड्याला नाही. बारीक नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंबथेंब डब्यात सोडलं. दोन तास लागले. शेवटी खेकडा लहान भांड्याने उचलून आत ठेवला आणि दुकानाचं पाणी सगळं ओतून दिलं. ते पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका, त्यात तांबं असू शकतं. जाळीही वापरू नका. ॲनिमोन जाळीत अडकून सुटतं.

तो दगडाखाली गेला आणि दिसेनासा झाला. हा प्राणी निशाचर, त्यातून नवी जागा. मी टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावला, कारण लाल उजेड खेकड्यांना फारसा जाणवत नाही. बाबांना रात्री झोप कमी. ते अकरानंतर खुर्ची टाकून बसायचे. डायरीत नवा रकाना आला: "खे."

एका रात्री त्यांनी हळूच हाक मारली. "अगं, ये लवकर. आणि दिवा लावू नकोस." काचेच्या अगदी जवळ, झोअँथिडच्या दगडाच्या कडेला खेकडा बसला होता. एवढ्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. पाठीवर फिकट गुलाबी, पिवळट आणि तपकिरी ठिगळं, प्रत्येकाला काळसर रेघेची कड; पायांवर गडद पट्टे. ते एकमेव ॲनिमोन त्याने दोन्ही नांग्यांत धरलं होतं आणि नांग्या बाहेरच्या बाजूला खेचत होता. ॲनिमोन मधोमध बारीक होत चाललं होतं. पुढचे पाय त्या ताणलेल्या भागावर पुन्हा पुन्हा फिरत होते. घाई नव्हती. थांबायचा, दोन पावलं सरकायचा, पुन्हा खेचायचा. बराच वेळ आम्ही दोघं काहीही न बोलता उभे होतो, मग तो दगडामागे गेला. दुसऱ्या रात्रीची बाबांची नोंद तशीच्या तशी देते: "11.40. दोन्ही हातांत. डाव्यातला लहान, वाकडा." पुढच्या काही आठवड्यांत डाव्यातलाही गोल झाला, त्याला बारीक शुंडके, म्हणजे डंखाचे धागे, फुटले.

त्याला खाऊ घालणं सोपं आहे, पण वेळ द्यावा लागतो. आठवड्यातून दोन रात्री गोठवलेले मायसिस आणि सायक्लॉप्स हे बारीक कवचधारी जीव आरओडीआय पाण्यात विरघळवून पिपेटने त्याच्या समोर सोडते. पंप दहा मिनिटं बंद. तो ॲनिमोन दगडावरून फिरवतो, कण त्यांना चिकटतात, मग तोंडाजवळच्या अवयवांनी ते कण ॲनिमोनच्या अंगावरून काढून खातो. नांग्या अडकलेल्या असल्यामुळे त्यांनी तो घास धरत नाही. विदूषक मासे खाऊ पळवतात, म्हणून आधी त्यांचं पोट भरावं.

मार्चमध्ये तो दिसेनासा झाला. खाऊ ठेवला तरी बाहेर येईना. मग एका सकाळी दगडाच्या फटीसमोर खेकडा उलथा पडलेला दिसला, पाय आखडलेले. असं दिसलं तर घाबरून हात घालू नका. काचेतून नीट पाहा. कात असेल तर ती पोकळ आणि थोडी पारदर्शक दिसते, डोळ्यांच्या जागाही रिकाम्या, आणि पाठीचं कवच मागच्या कडेला उघडलेलं असतं. मेलेला खेकडा असेल तर अमोनिया वाढतो. मी लगेच टेस्ट केली: शून्य. कातीच्या नांग्यांत ॲनिमोन नव्हती. कात टाकण्याआधी तो ती खाली ठेवतो आणि नंतर पुन्हा उचलतो, हे ठाऊक होतं, तरी जीव टांगणीला लागला होता. या दिवसांत दगड हलवायचे नाहीत, त्याला शोधायचं नाही. कात आतच राहू दिली. तो तिच्यातला थोडा भाग खातो आणि कॅल्शियम परत मिळवतो. पाण्यात कॅल्शियम 420 पीपीएम, अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची क्षमता) 8.5 डीकेएच, मॅग्नेशियम 1,300 च्या आसपास ठेवलं होतं. नवं कवच टणक व्हायला याच गोष्टी लागतात.

गुढीपाडव्याच्या आधल्या रात्री तो बाहेर आला. किंचित मोठा, रंग उजळ, दोन्ही नांग्यांत ॲनिमोन. बाबांनी त्या दिवशी डायरीत लाल शाईने लिहिलं.

मग उन्हाळा. एप्रिलमध्ये आमच्या हॉलचं तापमान 34 अंशांवर जातं. पाणी थंड करणारा चिलर 38,000 चा, तो मी घेतला नाही. पाण्यावरून वारा जाईल असे दोन लहान पंखे लावले. पुण्याची हवा कोरडी असल्यामुळे वाफ भराभर होते आणि पाणी थंड पडतं. टँक 27 ते 28 वर राहिला. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हा उपाय एवढा चालत नाही, तिथे चिलरचा खर्च आधीच धरा. पंख्यांमुळे रोज तीन-चार लिटर पाणी उडतं. बाबांचं काम वाढलं, पण त्यांनी कुरकूर केली नाही. वीज जाते तेव्हा वेव्हमेकर इन्व्हर्टरवर चालतो. प्राण्यांचा जीव प्राणवायूअभावी जातो, दिव्याअभावी नाही, म्हणून दिवा इन्व्हर्टरवर घेऊ नका.

सुरुवातीचा एकूण खर्च नव्वद हजारांच्या आत बसला, प्राणी आणि प्रवाळं वेगळी. आता महिन्याला साधारण 2,300 रुपये लागतात: 900 वाढीव विजेचे, 500 मिठाचे, बाकी खाऊ, रेझिन आणि टेस्ट किट. रोजचा वेळ पंधरा मिनिटं, रविवारी दीड तास.

जोडी का नाही आणत, असं आता बरेच जण विचारतात. लहान टँकमध्ये दोन पॉम-पॉम ॲनिमोनवरून एकमेकांशी भांडू शकतात, एकमेकांची हिसकावून घेतात. आणि विदूषक माशांसारखी यांची पैदास बाजारात मिळत नाही. माझा खेकडाही इंडोनेशियातल्या कुठल्यातरी रीफवरून उचलून आणलेला आहे. त्याला सांभाळायची जबाबदारी मी घेतली, ती पार पाडणार. पण पुन्हा एक तिथून आणवायला मन होत नाही. टँकमध्ये जी थोडी जागा उरलीये, तिथे पावसाळ्यानंतर एक निळं मशरूम येईल, शेजारच्या सोसायटीतल्या एका ताईंच्या टँकमध्ये वाढलेलं.